न्यायाधीशसाहेबांचं हार्दिक अभिनंदन

आमच्या घराण्यात कोर्टाची पायरी चढणारा मी पहिला नाही. पण कोर्टाचं अभिनंदन केलं म्हणून कोर्टात उभा राहिलेला मी पहिला आणि, देवाची कृपा असेल तर, शेवटचा.

लोक शिव्या देऊन अडकतात. मी आरती ओवाळून अडकलो! आता बोला!

मुळात भांडण माझं नव्हतंच. माझे सख्खे मामा, पांडुमामा, वांगणीला राहतात. स्टेशनपासून जरा आत त्यांचं भाताचं शेत आहे आणि शेतात जायला बैलगाडीची एकच वाट आहे. मामांचे आजोबा त्याच वाटेने गेले, वडील त्याच वाटेने गेले, मामाही जात होते. मग वाटेच्या दोन्ही बाजूंची जमीन मुंबईच्या एका साहेबांनी घेतली, शनिवार-रविवार येऊन श्वास घ्यायला बंगला बांधला (बाकीचे दिवस मुंबईत ते काय घेत होते कोण जाणे), आणि एके दिवशी सरळ वाटेवर लोखंडी गेट बसवून कुलूप ठोकलं. गेटच्या आत त्यांनी हिरवळ लावली आणि हिरवळीवर सिमेंटची दोन बदकं ठेवली.

मामा गेटला धरून उभे राहायचे आणि म्हणायचे, "माझं बैल खरं हाय, त्यांना आत घेत नाय. बदकं खोटी, ती आत!"

शेवटी उल्हासनगरच्या कोर्टात दावा लागला. आमचे वकील देसले. त्यांचं ऑफिस कॅम्प तीनला, जीन्सच्या दुकानाच्या वर. माणूस हुशार, पण रागीट. रागावले की आधी चष्मा काढायचे आणि मग समोरच्याला. मामांचं म्हणणं साधं होतं: केस चालायची तेवढी चालू दे, पण लावणीच्या आत गेट उघडायला हवं. गेट उघडलं नाही तर नांगर आत जाणार नाही, रोपं जाणार नाहीत, आणि वर्षभर घरात भात शिजणार नाही. मामांची सगळी मिळकत म्हणजे ते एक शेत.

मी राहायला अंबरनाथ पूर्वेला, नोकरीला तिथल्याच एका कारखान्यात, स्टोअरमध्ये. सगळ्या नात्यात शिकलेला भाचा मीच, म्हणून प्रत्येक तारखेला रजा टाकून मामांबरोबर जायचं काम माझ्याकडे आलं. तारखेला काय व्हायचं? कधी साहेब रजेवर, कधी समोरचे वकील आजारी, कधी दोघेही ठणठणीत पण फाईल सापडत नाही. मग मामा झाडाखाली तंबाखू मळत बसायचे आणि मी समोरच्या लछूभाईंच्या दुकानात जाऊन बसायचो.

लछूभाईंच्या दुकानाचे दोन भाग होते. पुढे फ्लेक्स छापायचं मशीन आणि मागे प्लायवूडची खोपटी करून ठेवलेले कॉम्प्युटर. दोन्ही धंदे जोरात. त्या वर्षांत घरोघरी इंटरनेट कुठलं आलंय? तासाने पैसे भरायचे आणि मान वाकडी करून बसायचं. एकदा मी तिथे कोर्टाच्या नावाने बोटं मोडत होतो, तर लछूभाई म्हणाले, "साईं, इधर बोलके क्या फायदा? ब्लॉग बनव ना! फ्री का माल आहे. समझो तुझा अपना पेपर!"

माझा अपना पेपर! अहो, आयुष्यभर मी पेपरांना पत्रं पाठवली. नळाच्या पाण्यावर, खड्ड्यांवर, डासांवर. एकही छापून आलं नाही. आणि इथे एक माणूस मला अख्खा पेपर फुकट देत होता! मी त्याच दिवशी ब्लॉग उघडला. नाव ठेवलं 'वहिवाट'.

सुरुवातीला मी सभ्यपणे लिहीत होतो. आज अमुक झालं, पुढची तारीख अमुक, कोर्टातला पंखा हलतो पण वारा येत नाही, वगैरे. (इथपर्यंत कायद्याचं काहीच बिघडत नव्हतं. हे मला पुढे फार वाईट पद्धतीने समजावण्यात आलं.) पण नुसतं जे झालं तेच लिहिण्यात लेखकाला काय मजा? मग मी 'विश्लेषण' सुरू केलं. बंगल्याच्या माळ्याने प्रतिज्ञापत्र दिलं होतं की तिथे वाट नव्हतीच. तो माळी मला कोर्टाच्या व्हरांड्यात भेटला आणि बोलताना अडखळला. मी लगेच लिहिलं, 'खोटारड्या माणसाची जीभ अशीच अडखळते! या साक्षीदाराचं कोर्ट काय करील ते सांगायला ज्योतिषी नको!'

मामांना वाचून दाखवलं, तर मामा म्हणाले, "अरे, तो जन्मापासून अडखळतो. लग्नात नाव घेताना बायकोचं नाव निघंना, तर वरात खोळंबली व्हती."

पण छापलं ते छापलं!

माझे वाचक कोण? एक माझा मेहुणा विलास. बदलापूरला मोबाईलच्या दुकानात बसायचा आणि 'वाघ बदलापूरचा' या नावाने प्रतिक्रिया लिहायचा. दुसरे लछूभाई, ज्यांना मराठी वाचता येत नव्हतं, पण 'लेआऊट मस्त आहे' म्हणायचे. तिसरा 'अनामिक'. तो दर वेळी 'वा! काय लेखणी आहे!' असं लिहायचा. अनामिक मीच होतो. आणि चौथा एक वाचक होता, तो नंतर कळला.

मंदा, म्हणजे माझी बायको, बालवाडीत शिकवते. त्यामुळे माझ्यासारख्यांशी कसं बोलायचं हे तिला चांगलं ठाऊक आहे. तिने एकदा शांतपणे विचारलं, "अहो, केस चालू असताना असं लिहिलेलं चालतं का?"

"अगं, वांगणीला चहाच्या टपरीवर सगळे रोज हेच बोलतात. तिथे तर रोज निकाल लागतो! वर अपीलही तिथेच होतं!"

"टपरीवरचं चहाबरोबर संपतं. तुमचं तिथेच चिकटून राहतं."

"तुला नाही कळायचं. याला म्हणतात लोकशाही."

"बरं. लोकशाही झाली की दळण आणा."

आणि मग तो दिवस आला. न्यायाधीशसाहेबांनी तात्पुरता मनाई हुकूम दिला: दाव्याचा निकाल लागेपर्यंत गेटला कुलूप लावायचं नाही, मामांच्या गाड्या अडवायच्या नाहीत. मामांना आधी समजेचना. देसलेवकिलांनी तीनदा सांगितलं तेव्हा कुठे त्यांनी टोपी काढली, डोळे पुसले आणि टोपी परत घालायची विसरूनच गेले. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू? दुसऱ्या दिवशी मामांचे बैल, राजा आणि सर्जा, गेटमधून वाजतगाजत आत गेले. राजाने जाता जाता एका बदकाला शिंग लावलं आणि त्याची चोच मोडली. जनावर असलं तरी मान-अपमान असतोच.

मामा म्हणाले, "भाच्या, साहेबांचा फ्लेक्स लावू. कोर्टाच्या समोरच्या खांबाला. दणकून!"

आता आमच्या भागाबद्दल बाहेरच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. अंबरनाथ-बदलापूरकडे माणूस जन्मला, दहावी पास झाला, नगरसेवकाच्या गाडीला हात लावून आला, की त्याचा फ्लेक्स लागतो. वर 'हार्दिक अभिनंदन', मध्ये गॉगल लावलेला फोटो, खाली शुभेच्छुकांच्या नावांची रांग. या रांगेत नाव टाकताना कोणाला विचारायचं नसतं. उलट नाव राहिलं तर माणूस बोलायचा बंद होतो. आमच्या गल्लीत एका कुत्र्याच्या वाढदिवसाला फ्लेक्स लागला होता आणि शुभेच्छुकांत माझं नाव होतं. त्या कुत्र्याने आदल्याच महिन्यात मला चावा घेतला होता! पण मी रागावलो नाही. रीत ती रीत.

मी मामांना म्हणालो, "मामा, फ्लेक्स फाटतो. इंटरनेट फाटत नाही. जगात कुठेही दिसेल!"

इथेच मी माती खाल्ली.

लछूभाई खूश झाले. त्यांनी फ्लेक्सचंच तयार डिझाईन काढलं: कोपऱ्यात झेंडूची फुलं, दोन्ही बाजूंना समया. मध्ये साहेबांचा फोटो हवा होता, तो आमच्याकडे नव्हता. "साईं, तराजू टाकतो. कोर्ट म्हणजे तराजू!" त्यांनी तराजू टाकला. तो त्यांनी एका धान्याच्या दुकानाच्या फ्लेक्समधून उचलला होता, त्यामुळे एका पारड्यात वजन होतं आणि दुसऱ्यात गव्हाचा ढीग. मी म्हणालो, "लछूभाई, गहू?" ते म्हणाले, "अरे, खाली तराजू बोर वाटतो. भरा हुआ शुभ असतो."

मजकूर मात्र सगळा माझा. तो आजही मला पाठ आहे. मंदा तो दर दिवाळीला म्हणून दाखवते:

'हार्दिक अभिनंदन! हार्दिक अभिनंदन!! गोरगरिबांचे कैवारी, न्यायाचा धगधगता निखारा, आमचे लाडके न्यायाधीशसाहेब, यांनी वहिवाटीच्या केसमध्ये दिलेल्या धडाकेबाज निर्णयाबद्दल! अंतिम निकालातही साहेब असेच आमच्या पाठीशी खंबीरपणे उभे राहतील यात शंका नाही!'

खाली शुभेच्छुक. पांडुमामा, मामी, मी, सौ. मंदा, विलास. मग वाटलं, वकिलांचं नाव राहिलं तर ते काय म्हणतील? टाकलं. मग आठवलं, कोर्टातले शिपाई तुकारामभाऊ. त्यांनी एकदा मामांना बसायला बाकडं दाखवलं होतं. चांगल्या माणसाला विसरू नये. त्यांचंही टाकलं. शेवटी रीतीप्रमाणे 'आणि समस्त मित्रपरिवार'.

विलासने तासाभरात प्रतिक्रिया लिहिली: 'साहेब म्हणजे आपला माणूस!!!'

पुढचे दोन-तीन दिवस मी छाती काढून फिरलो. मग देसलेवकिलांचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम, "सुरेशराव, असाल तसे या. मामांना घेऊन या."

मला वाटलं, सत्कार असेल.

ऑफिसात गेलो तर टेबलावर माझं अभिनंदन छापून ठेवलेलं, रंगीत, गव्हासकट. वकिलांनी चष्मा काढून ठेवला होता.

"हे काय आहे?"

"अभिनंदन," मी म्हणालो.

"कोणाचं?"

"न्यायाधीशसाहेबांचं."

"ते काय दहावी पास झालेत?" देसले एवढ्या मोठ्याने ओरडले की खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर येऊन वर बघायला लागलं. "अहो, केस चालू आहे! प्रकरण न्यायप्रविष्ट आहे! न्यायप्रविष्ट म्हणजे काय, कळतं का?"

"म्हणजे... प्रकरण कोर्टात आहे."

"बास! कोर्टात आहे. म्हणजे तुमच्याकडे नाही! कोर्टात काय झालं ते जसंच्या तसं सांगा, कोणी अडवत नाही. पण साक्षीदार खोटारडा, निकाल असाच लागणार, साहेब आमच्या पाठीशी उभे राहणार, हे तुम्ही कोण लिहिणार? साहेब कोणाच्या पाठीशी उभे राहत नसतात! ते खुर्चीवर बसतात! आणि त्यावर हा वाघ लिहितो, 'आपला माणूस'! हा वाघ कोण?"

"बदलापूरचा," मी हळूच म्हणालो.

"आणि यात माझं नाव? शिपायाचं नाव? समोरचे वकील पहिल्या दिवसापासून तुमचं एकेक पान छापून फाईलला लावतायत, माहीत आहे?"

तर हा तो चौथा वाचक. इतकं मन लावून मला आजवर कोणी वाचलं नव्हतं. लाज सोडून सांगतो, क्षणभर मला बरं वाटलं.

मामांनी टोपी हातात घेतली आणि विचारलं, "वकीलसाहेब, म्हंजी... गेट परत लागंल का?"

देसलेंचा आवाज खाली आला. "त्यांनी अर्ज टाकलाय, मामा. म्हणतात, कोर्टावर दबाव आणलाय, कोर्टातली माणसं फोडलीत, हुकूम उठवा. शिवाय साहेबांनी मनावर घेतलं तर याचा कागद बेअदबीसाठी थेट हायकोर्टात."

"त्याचं काय व्हायचं ते होऊ दे," मामा म्हणाले, "रोपं हाताएवढी आलीत. गेट लागलं तर मी ती कुठं लावू? दारात?"

'त्याचं काय व्हायचं ते होऊ दे.' सख्खा मामा हो! पण बरोबरच होतं त्यांचं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मंदाने ताट वाढलं आणि एक शब्दही बोलली नाही, आणि ती बोलत नाही तेव्हाच माझी खरी फाटते.

वकिलांनी हुकूम सोडला होता: पान आधी काढा. लछूभाईंकडे पळालो, तर लोडशेडिंग! अख्खा कॅम्प अंधारात घाम पुसत बसलेला. लछूभाई म्हणाले, "साईं, टेन्शन नको. लाईट नाही तर कोणीच वाचत नाही." मी म्हणालो, "लछूभाई, उल्हासनगरची लाईट गेलीय, बदलापूरची आहे!"

आणि बदलापुरात विलास होता. बहिणीकडून त्याला बातमी कळली होती आणि वाघ चवताळला होता. वीज आल्यावर पान उघडलं तर नवी प्रतिक्रिया: 'भावोजींना कोर्टात खेचलंय! भावोजी, डरो मत! सगळ्यांनी तारखेला कोर्टात या, ताकद दाखवा!' हे वाचणारं कोणी नव्हतं म्हणून त्याने वांगणीला टपरीवर फोनही लावले होते. मी त्याला फोन केला.

"विलास, गाढवा, हे काय लिहिलंस?"

"सपोर्ट केला ना भावोजी! आपल्या माणसासाठी नाय करायचा तर कोणासाठी?"

"तुझ्या सपोर्टने मी आत जाईन!"

"बिनधास्त जा. मी आहे बाहेर!"

पान काढलं. पण काढून उपयोग काय? त्याचा रंगीत छाप साहेबांसमोर जाऊन बसलेला.

तारखेच्या दिवशी वांगणीहून टेंपो भरून माणसं आली. 'ताकद'! त्यांना वाटलं सत्कार आहे. दोघांनी तर हारही आणले होते. मामी ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या आणि हातात एक कापडी पिशवी. देसलेंनी विचारलं, "मामी, पिशवीत काय?"

"घरचे पोहे हायती, साहेबांना. एवढा गेट उघडून दिला, हात हलवत कसं जायचं?"

देसले भिंतीला टेकले. मला वाटलं जातात की काय! "मामी," ते अगदी रडकुंडीला येऊन म्हणाले, "तुमच्या पाया पडतो, ती पिशवी घेऊन कोर्टापासून लांब जा. बदलापूरला जा! हार टेंपोत टाका! आणि त्या वाघाला टेंपोत कोंडा!"

आत आमची पाळी आली. मंदाही बालवाडीला रजा टाकून आली होती, ती माझ्या मागेच उभी राहिली. समोरचे वकील उठले. उंच, गोड आवाजाचे गृहस्थ. त्यांनी माझे लेख एकेक करून वाचून दाखवले. आयुष्यात पहिल्यांदा माझं लेखन भर सभेत वाचलं जात होतं आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. मग त्यांनी ते अभिनंदन वर धरलं.

"साहेब, न्यायाच्या तराजूच्या एका पारड्यात धान्याचा ढीग दाखवला आहे. यातून काय सुचवायचं आहे?"

न्यायाधीशसाहेबांनी कागद हातात घेतला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे गहू कशाचे?"

"साहेब, ते लछूभाईंचे."

"ते पक्षकार आहेत का?"

"नाही साहेब, फ्लेक्सवाले."

"तुकाराम," साहेब म्हणाले, "तुम्ही यांचे शुभेच्छुक?"

तुकारामभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढच्या जन्मीही मी कोणाला बाकडं विचारणार नाही. "नाय साहेब! मी यांना वळखतबी नाय!"

"देसले, तुम्ही?"

"साहेब, न विचारता टाकलंय. यांच्याकडे तशी रीत आहे."

"'अंतिम निकालातही साहेब आमच्या पाठीशी उभे राहतील.'" साहेबांनी ते वाक्य सावकाश वाचलं. माझं वाक्य एवढं भिकार असेल असं लिहिताना वाटलं नव्हतं. "निकाल तुमच्या मनासारखा लागला म्हणून मी निखारा. उद्या विरुद्ध लागला, तर काय लिहाल?"

मागून मंदाचा आवाज आला, "तेव्हा हे काय लिहितील, त्याची मला आत्ताच धडकी भरलीय, साहेब."

कोर्ट हसलं. साहेबांनी टेबलावर पेन आपटलं, पण मिशी हलली होती.

मग देसले उठले आणि त्यांनी माझा बचाव केला. असा बचाव वैऱ्याचाही होऊ नये! "साहेब, या इसमाने बिनशर्त माफी लिहून दिली आहे. त्याच्या लिखाणाने न्यायदानावर परिणाम होण्याचा प्रश्नच येत नाही, कारण ते कोणी वाचत नाही. एकूण वाचक चार. एक मेहुणा. एकाला मराठी वाचता येत नाही. एक समोरचे वकील. आणि चौथा हा स्वतःच, नाव बदलून."

मामांचं शेत पणाला लागलेलं, हायकोर्ट डोक्यावर टांगलेलं, आणि माझ्या घशात शब्द आला होता, 'साहेब, परवा एकाने नाशिकहूनही वाचलं!' मंदाने मागून कोपर मारलं म्हणून वाचलो. तिला बोलण्याआधीच कळलं होतं. उगाच नाही बालवाडी सांभाळत.

साहेबांनी मामांना पुढे बोलावलं. विचारलं, "तुम्हाला हे सगळं माहीत होतं?"

मामा हात जोडून म्हणाले, "साहेब, मला यातलं कायबी कळत नाय. हा भाचा शिकलेला हाय, ही आमची चूक."

साहेबांनी हुकूम सांगितला. मनाई हुकूम जमिनीचे कागद आणि जागा बघून दिला होता, कोणाच्या अभिनंदनासाठी नव्हे, तो कायम. गेट उघडंच राहील. माझी माफी मंजूर. पण तीच माफी ब्लॉगवर सगळ्यात वर लावायची, आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत या केसबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. हायकोर्टात कागद पाठवण्याइतकं हे प्रकरण मोठं नाही, असंही ते म्हणाले. मला खूप हायसं वाटलं आणि थोडा अपमानही.

बाहेर आल्यावर मामा सरळ टेंपोत बसले. लावणी करायची होती, त्यांना माझ्याशी बोलायला वेळ नव्हता. मामींनी मात्र पोह्यांची पिशवी माझ्या हातात दिली. "तूच खा," म्हणाल्या. "निदान तोंड बंद राहील."

त्यानंतर केस पुढची काही वर्षं चालली आणि आमच्या घरात एकच शब्द चालला. मी म्हणायचो, "मंदा, आमटीत मीठ कमी वाटतंय." मंदा म्हणायची, "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. बोलायचं नाही." विलास घरी आला आणि कशावरही मत द्यायला लागला की सगळे एका सुरात, "न्यायप्रविष्ट!" टपरीवर तर मी दिसलो की लोक बोलणं थांबवून चहा प्यायचे. तिथे रोज नवे निकाल लागत होते, साहेबांची जात-पात निघत होती, माळ्याचा खानदानी इतिहास निघत होता. त्या सगळ्यांना कायदा काही बोलला नाही. कारण ते बोलून चूळ भरत होते, मी छापून ठेवत होतो. एवढा फरक मला बालवाडीची बाई आधीच सांगत होती, पण घरचं कोण ऐकतो?

शेवटी निकाल लागला. मामा जिंकले! वाट त्यांची ती त्यांची, गेट कायमचं काढायचं. मी आनंदाने वांगणीला धावलो. मनात म्हटलं, आता केस संपली, आता मला बोलता येईल! वाटेच्या तोंडाशी पोचलो तर तिथे हा भला मोठा फ्लेक्स. लछूभाईंचाच, झेंडूची फुलं बरोबर ओळखली. 'सत्याचा विजय!' न्यायाधीशांचं नाव नाही, कौतुक नाही, देसलेंनी अक्षरन् अक्षर तपासलेलं. मध्ये वाटेवर उभ्या राजा-सर्जाचा फोटो, मागे मोडक्या चोचीचं बदक. आणि खाली शुभेच्छुक: मामा, मामी, सौ. मंदा, विलास, टेंपोवाला, समस्त ग्रामस्थ, राजा, सर्जा.

मी दोनदा वाचलं. वरून खाली, खालून वर.

"मामा," माझा आवाज खरंच चिरकला, "बैलांची नावं आहेत. माझं?"

मामांनी खांद्यावर हात ठेवला. "तुझं टाकणार व्हतो, भाच्या. आईच्यान! पण वकील बोलले, अपिलाची मुदत संपंस्तोवर त्याचं नाव कुठं दिसता कामा नये. केसला धोका हाय."

मुदत संपली. अपील काही झालं नाही. मामा शब्दाचे पक्के. नव्या फ्लेक्सचा खर्च नको म्हणून त्यांनी जुन्यावरच रंगाने माझं नाव लिहिलं. जागा कुठे उरली होती? जिथे होती तिथे लिहिलं, बदकाच्या खाली. आता वाटेने जाणारा प्रत्येक जण आधी बदकाकडे बघतो, मग नाव वाचतो, आणि मान डोलावतो.